दुष्काळी मुलखातलं चिबड रान

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून मराठवाडा म्हटलं की टँकर, घागरींच्या रांगा आणि कोरड्या विहिरीच डोळ्यांसमोर येतात. याच मराठवाड्यात पाणी जास्त झाल्यामुळे जमिनी नापीक होतात, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस बुचकळ्यात पडतो. पण पैठणहून जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या कडेने पाथरी, मानवत, परभणीकडे या, नाहीतर उजव्या कालव्याने गेवराई-माजलगावच्या बाजूला जा. कालव्याच्या खालच्या अंगाला, सखल भागात अशी रानं भेटतात. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले तरी वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही, औत घालावं तर बैलाचे पाय रुततात. चरात पाणकणीस माजलेलं, पिकात लव्हाळा. आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीवर पांढरं मीठ फुटलेलं. रान चिबडलं, असं शेतकरी म्हणतात.

अशा जमिनीवरचा एक खात्रीचा इलाज म्हणजे भूमिगत निचरा. चार-साडेचार फूट खोल चर खणायचे, त्यांत बारीक छिद्रांचे पाइप टाकायचे, चर बुजवायचे आणि पाइपातून येणारं पाणी नाल्याला सोडायचं. सांगलीच्या कसबे डिग्रजला क्षारपड जमिनींवर संशोधन झालं, शिरोळ तालुक्यात तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मोठ्या क्षेत्रावर हे करून दाखवलं. मराठवाड्यात मात्र विषय काढला की पहिला सवाल ठरलेला असतो: इथे थेंब न् थेंब अडवा म्हणता, आणि वावरातलं पाणी बाहेर काढायला पाइप पुरा म्हणता?

सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर मातीत पाणी कसं राहतं यात आहे.

कुठलीही माती आकारमानाने साधारण निम्मी घन कणांची आणि निम्मी पोकळ असते. पोकळ्या दोन तऱ्हेच्या. भेगा, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळ्यांच्या नळ्या, ढेकळांमधल्या फटी या मोठ्या पोकळ्या. आणि चिकणमातीच्या कणांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पोकळ्या. बारीक पोकळीतलं पाणी पृष्ठताणामुळे आणि कणांच्या ओढीमुळे असं घट्ट धरलेलं असतं की गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचू शकत नाही. मोठ्या पोकळीतलं पाणी मात्र वाट मिळाली की खाली सरकतं. कुंडीला तळाशी भोक असतं, तरी पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशीही माती ओलीच असते, ती यामुळेच.

पुरलेल्या पाइपाचं कामही याच नियमाने चालतं. आजूबाजूची माती पूर्ण तुडुंब भरलेली असेल, म्हणजे भूजलाची पातळी पाइपाच्या वर असेल, तरच पाणी छिद्रांतून आत येतं. पातळी पाइपाखाली गेली की पाइप कोरडा. बारीक पोकळीतल्या ओलीला तो हातही लावू शकत नाही. खोल काळ्या मातीत अशी पिकाला घेता येणारी ओल मीटरभर खोलीत १५० ते २०० मिलिमीटर असते, आणि ती पिकासाठी जागेवरच राहते. बाहेर जातं ते हवेच्या जागेवर बसलेलं पाणी.

मुळांना हवा लागते, कारण मुळं श्वास घेतात. पण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मोठ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मातीतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मग काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नत्र वायूरूपाने उडून जातं. पीक पिवळं पडतं. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, तो आणखी युरिया टाकतो आणि त्यातलंही बरंच त्याच वाटेने जातं. कपाशी उभ्या उभ्या माना टाकते, तुरीला मर लागते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. खाली हवा नसल्यामुळे मुळं वरच्या वीतभर थरातच पसरतात. आणि मराठवाड्यातला पाऊस तर असा, की जुलैत चिखल करतो आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे तोंड दाखवत नाही. त्या खंडात वरची वीतभर माती आठवड्यात वाळते. खाली तीन-चार फुटांवर ओल असते, पण तिथपर्यंत मूळच पोहोचलेलं नसतं. चिबड रानातलं पीक म्हणून आधी पाण्याने पिवळं होतं आणि मग पाण्यावाचून सुकतं. निचरा झाला की भूजलाची पातळी खाली जाते, पाठोपाठ मुळंही खाली जातात आणि पावसाच्या खंडात पीक आणखी काही दिवस तग धरतं. त्यामुळे दुष्काळी मुलखात निचरा नको, हे म्हणणं मला पटत नाही. जिथे रान चिबडलेलं आहे, तिथे दुष्काळाशी झुंजायचं तर निचरा लागणारच.

जमिनी चिबडतात कशा? काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यातल्या स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या दमदार पावसाचं पाणी त्यांतून झपाट्याने खाली उतरतं. एकदा का माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग अगदीच मंदावतो. तरी सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पावसात या जमिनींचा जमाखर्च पिढ्यान् पिढ्या जुळत होता. मग कालवे आले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. कोरडवाहू मुलखाला त्यांनी बागायत दिली, हे उपकार मोठे आहेत. पण पाणी आणण्याची जेवढी तजवीज झाली, तेवढी जादा पाणी बाहेर नेण्याची झाली नाही. कालवे आणि त्यांचे छोटे फाटे, म्हणजे चाऱ्या, पाझरत राहिल्या, उसाला पाटाने मोकाट पाणी सुटलं, नैसर्गिक नाले गाळाने आणि बेशरमीच्या झुडपांनी बुजत गेले.

पाण्याबरोबर मीठही येतं. कालव्याचं गोड पाणी घेऊ आणि त्यात लिटरमागे फक्त पाव ग्रॅम क्षार आहेत असं धरू. उसाला वर्षाला दोन मीटर पाणी दिलं, तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतं. पाव ग्रॅमने हिशेब केला की वर्षाला पाच टन क्षार, म्हणजे एकरी दोन टन. पीक पाणी पितं, क्षार बहुतेक सगळे मागे राहतात. खाली जायला वाट असेल तर ते धुऊन जातात. वाट नसेल आणि भूजल हात-दोन हातांवर आलेलं असेल, तर उन्हाळ्यात तेच पाणी केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन उडतं आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जातं. त्यात सोडियमचं प्रमाण वाढलं तर दुखणं आणखी चिवट होतं. सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून सुटं करतो, मग भिजल्यावर नुसता राडा आणि वाळल्यावर दगड. ही चोपण जमीन.

इलाजाची सुरुवात पाइप विकत आणण्यापासून करतात, ती नाल्यापासून करावी. पाइपाचं तोंड जिथे उघडणार, तो नाला शेताच्या पातळीपेक्षा पाच-सहा फूट खोल आहे का, आणि पावसाळ्यात तो भरून उलटा तर येत नाही ना, हे आधी बघायचं. नाल्याला खोलीच नसेल तर शेतातले पाइप व्यर्थ. मग सगळं पाणी एका हौदात घेऊन पंपाने उपसावं लागतं.

दुसरं काम गिरमिटाचं. दीड-दोन मीटर खोल भोक पाडायचं आणि त्यात पाणी किती वर येऊन थांबतं ते मोजायचं. मग बादलीने ते पाणी उपसून टाकायचं आणि घड्याळ लावून बसायचं. पाणी पुन्हा किती वेगाने चढतं, यावरून ती माती पाणी किती सहज वाहू देते याचा आकडा निघतो. दोर लावलेली बादली, टेप आणि घड्याळ, एवढ्यावर होणारी ही परीक्षा, पण साऱ्या खर्चाचा अंदाज तिच्यावर ठरतो. गिरमिटाला चिकटून आलेली मातीही निरखून बघावी. काळी माती किती खोल, चुनखडीचे खडे कुठे लागतात, मुरूम कुठे सुरू होतो. मुरूम चार फुटांच्या आसपास लागला तर नशीब चांगलं, कारण त्यातून पाणी सहज वाहतं आणि पाइप लांब लांब टाकले तरी चालतं.

दोन पाइपांत अंतर किती ठेवायचं, याचं गणित दोन माणसांच्या कामावर उभं आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना आंरी दार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी वाहण्याचा नियम मांडला. त्याच्या आधाराने नेदरलँड्सच्या हूखाउट यांनी १९४० मध्ये समांतर चरांमधल्या अंतराचं सूत्र दिलं. भूजलाची पातळी पाइपाजवळ खाली असते आणि दोन पाइपांच्या मधोमध फुगवट्यासारखी वर आलेली असते. तो फुगवटा मुळांच्या खाली राहील इतपत अंतर ठेवायचं. सूत्रात अंतराचा वर्ग येतो, त्यामुळे माती चौपट पाझरणारी असली तरी अंतर साधारण दुपटीनेच वाढवता येतं. भारी काळ्या मातीत गणित १५-२० मीटरवर येतं, हलक्या मातीत त्याहून पुढे. शेजारच्या गावात ३० मीटरवर टाकले म्हणून आपणही टाकले, तर दोन पाइपांमधला पट्टा चिबडच राहतो.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात. जेसीबी नाल्याकडून वरच्या अंगाला खणत जातो, उलट कधीच नाही, म्हणजे खणताना लागणारं पाणी मागच्या मागे वाहून जातं. शंभर मीटरला सुमारे २० सेंटीमीटर एवढाच उतार द्यायचा असतो. डोळ्यांनी तो कळत नाही, लेव्हल लावावीच लागते. उताराला एके ठिकाणी जरी पोट आलं तरी तिथे गाळ बसतो आणि वरचा सगळा पाइप निकामी होतो. पाइप पन्हाळीदार पीव्हीसीचा, ८० मिलिमीटर व्यासाचा. पन्हाळींच्या खाचांत बारीक छिद्रं आणि बाहेरून जाड कापडासारखं पांढरं फिल्टर. चोपण मातीचे सुटे झालेले कण छिद्रं बुजवतात, म्हणून तिथे फिल्टरवर पैसे वाचवू नयेत. हे पाइप मोठ्या मुख्य पाइपाला जोडायचे, जोडाच्या ठिकाणी तपासणीची टाकी बांधायची आणि नाल्यातल्या तोंडाला जाळी लावायची, नाहीतर उंदीर-घुशी आत घर करतात. तोंडाला टोपण बसवून घेतलं तर रब्बीत ते बंद करून ओल धरून ठेवता येते. मराठवाड्यात ते बसवावंच असं माझं मत आहे.

या यंत्रणेकडून भलतीच अपेक्षा मात्र ठेवू नये. तिची क्षमता सहसा दिवसाला काही मिलिमीटरच धरलेली असते. दोन मिलिमीटर धरली तर एकरातून दिवसाला सुमारे ८,००० लिटर पाणी निघतं. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर तेवढं पाणी एकट्या पाइपांनी काढायला पन्नास दिवस लागतील. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे जी अतिवृष्टी झाली, तिच्यापुढे पुरलेले पाइप काय करणार? ते पाणी वरच्या वर काढायला उघडे चर, रुंद वरंबा सरी आणि साफ नालेच लागतात. पाइपाचं काम त्यानंतर सुरू होतं. मातीत मुरून अडकलेलं पाणी काढून वाफसा लवकर आणायचा.

निचरा सुरू झाला की पाऊसच मीठ धुतो, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. जितकी खोल माती धुवायची तितक्याच उंचीचं पाणी तिच्यातून आरपार गेलं, तर सुमारे ऐंशी टक्के क्षार निघून जातात, असा ठोकताळा आहे. मात्र सातशे-आठशे मिलिमीटर पावसातला बराचसा भाग पीक आणि ऊन घेतं, तेव्हा एका पावसाळ्यात जमीन सुधारेल असं समजू नये. चोपण जमिनीत सोडियम हटवायला जिप्समही लागतं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम बाहेर गेलाच नाही तर जिप्समचा पैसा वाया. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींत कॅल्शियमचा साठा असतोच, तो अडकलेला असतो. गंधक टाकलं तर जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुनखडीतूनच कॅल्शियम मोकळा होतो. पहिल्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून ताग-ढैंचा गाडावा, मग कपाशी, करडई यांसारखी क्षार सोसणारी पिकं घ्यावीत. हरभऱ्याची घाई करू नये, तो क्षाराला फार नाजूक. आणि ऊसच लावायचा असेल तर ठिबकवर. पाइप पुरलेत म्हणून मोकाट पाणी सोडलं, तर पाण्याबरोबर खतही नाल्यात जातं.

नाल्यात जाणारं हे पाणी खारं असतं आणि खालच्या गावाला पोहोचतं. पाइपाच्या तोंडाशी पाण्याची क्षारता मोजत राहावी. त्यासाठीचा ईसी मीटर पेनाएवढा असतो. आकडा वर्षागणिक उतरत गेला तर रान सुधारतंय असं समजावं. सुरुवातीची एक-दोन वर्षं ते पाणी खालच्या शेतकऱ्याने उपसून पिकाला देऊ नये, हे त्याला सांगायला हवं. बहुतेक वेळा पाइपाची वाट त्याच्याच वावरातून जाते, तेव्हा बोलणी तशीही करावी लागतात. एकट्याच्या तीन एकरांपेक्षा नाल्याच्या दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनी मिळून नाला खोल करून घेतला आणि एकच मुख्य पाइप टाकला, तर खर्च वाटला जातो आणि मधलं कुणाचंच रान चिबड राहत नाही. त्यासाठी गावनकाशावर नाला मुळात कुठून वाहत होता, हे तलाठ्याकडून आधी बघून घ्यावं.