जन्मठेप १४ वर्षांची नसते

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की कोणीतरी म्हणतंच, "चौदा वर्षांनी सुटेल की!" तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, असंही ठामपणे सांगितलं जातं. दोन्ही चूक. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्या कानावर हे पडतं तेव्हा न्याय अर्धाच मिळाला असं त्यांना वाटतं, म्हणून हा खुलासा.

जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गांधीहत्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी, माफीचे (तुरुंगातील चांगल्या वागणुकीबद्दल वगैरे शिक्षेतून वजा होणारे) दिवस धरून २० वर्षे भरली, आता सोडा, अशी याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती फेटाळली. सरकारने शिक्षा कमी केली नाही, तर कैद मरेपर्यंत.

मग १४ आले कुठून? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकार माफी देऊन सोडू शकत नाही. ही किमान अट आहे, सुटकेची तारीख नव्हे. आता हीच तरतूद, त्या जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. चौदा वर्षे भरली तरी कैद्याला फक्त अर्ज करता येतो. तो नाकारलाही जातो.