ध्यानाने चरबी वितळते का?

"रोज १० मिनिटं डोळे मिटून बसा, मुलांची पोटाची चरबी वितळेल" हा फॉरवर्ड दर परीक्षेच्या सीझनला फिरतो. मनापासून सांगते, तसं होत नाही. शांत बसल्यावर शरीर जेवढी एनर्जी वापरतं ती आराम करतानाच्या एवढीच असते, म्हणजे चरबी जाळण्याइतकं काहीच घडत नाही.

पण ध्यानात देतो तसं लक्ष देऊन खाण्याचा उपयोग आहे, फक्त तो वेगळ्या वाटेने होतो. पोट भरल्याचा सिग्नल मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, आणि आपली मुलं क्लास सुटला की स्टेशनबाहेर दोन वडापाव पाच मिनिटांत संपवतात, तेही रील बघत, मग पोट भरलंय हे कळणार कधी? कधीकधी ती भूक नसतेच, टेन्शन असतं नाहीतर कंटाळा.

घरीच चेक करा. आठवडाभर एक जेवण मोबाईलशिवाय, आणि खाण्याआधी मुलाने स्वतःलाच विचारायचं, खरंच भूक लागलीय का. वजनकाटा लगेच बघू नका, या वयात उंची वाढते तसं वजनही वाढतंच, मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) चार्ट त्यांना लागू नाही, काळजी वाटली तर डॉक्टरांकडून वयानुसारचा चार्ट बघून घ्या. आणि उपाशी तर अजिबात ठेवू नका.