घरी असलेला ‘अनुपस्थित’ मतदार

निवडणूक नियमांमध्ये ज्याला ‘अनुपस्थित मतदार’ म्हणतात, तो माणूस बहुतेक वेळा आपल्या घरीच असतो. त्याचं वय ८५च्या पुढे असतं किंवा त्याच्याकडे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असतं. बीएलओ, म्हणजे केंद्राच्या मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, १२डी नमुना (घरून मत देण्यासाठीचा अर्ज) घेऊन त्याच्या दारात येतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून द्यायचा असतो. मग ठरलेल्या दिवशी मतदान पथक कॅमेऱ्यासकट घरी येतं आणि मतपत्रिका पाकिटात बंद करून घेऊन जातं. आपल्याकडे याला सरळ ‘गृहमतदान’ म्हणतात, आणि ते नाव जास्त खरं आहे. कारण जो खरोखर गावात नाही, म्हणजे बीडहून कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेला मजूर, त्याला या नियमात जागाच नाही.

हा घोळ शब्दाचा वाटतो, पण तो तेवढाच नाही.

आधी ओळखपत्राकडे पाहू. सुरुवातीच्या निवडणुकांमध्ये तोतया मतदाराला रोखण्याची भिस्त शाईवर होती. मैसूरच्या सरकारी कारखान्यात १९६२पासून बनणारी ती शाई तुम्ही कोण हे विचारतच नाही. आधी येऊन गेलात का, एवढंच पाहते. ओळख पटवायची ती केंद्रावर बसलेल्या गावच्या माणसांनी, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनी. त्यांनी आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरून घ्यायचा. १९६१च्या नियमांतला तो दोन रुपयांचा आकडा पुढे तसाच राहिला. गाव एकमेकांना ओळखत होतं तोवर हे चाललं. शहरात ते चालणार नव्हतं, म्हणून १९६०मध्ये कलकत्त्यातल्या एका पोटनिवडणुकीसाठी फोटोचं कार्ड काढून पाहिलं. सुमारे ३.४२ लाख मतदारांपैकी २.१ लाखांपर्यंतच कार्डं पोचली आणि प्रयोग गुंडाळला गेला.

सर्व मतदारांना फोटोचं कार्ड देण्याचा १९९३चा आदेश आणि ‘१ जानेवारी १९९५नंतर कार्डाशिवाय निवडणूक नाही’ हा तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांचा दम वाचकांना आठवत असेल. प्रकरण न्यायालयात गेलं, कार्डं अपुरी म्हणून निवडणुका काही थांबल्या नाहीत. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान फेब्रुवारी-मार्च १९९५मध्ये झालंच. त्या तडजोडीतून जे उरलं ते आजही आहे: कार्ड हवं, नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी काहीतरी चालेल. फोटो असलेली मतदार चिठ्ठी मात्र २०१९पासून एकटी चालेनाशी झाली. ती घरोघर वाटली जाते, तिच्यावर सुरक्षेची काही खूण नाही, असं कारण देण्यात आलं. आणि या सगळ्याच्या वर एक साधी गोष्ट, जी मतदानाच्या दिवशी रांगेत उभं राहिल्यावरच अनेकांना कळते: कार्ड असून यादीत नाव नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य.

टपाली मताचा प्रवास वेगळा. सैनिक, परदेशातल्या वकिलातींमधले कर्मचारी, स्थानबद्ध आणि निवडणूक ड्युटीवरचे लोक एवढीच ही मंडळी होती. ड्युटीवर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, टपाली मतपत्रिका वेळेवर हाती पडणं ही वेगळीच परीक्षा असते. इथे ओळख पटवण्याचं काम कार्ड करत नाही. मतपत्रिकेसोबतच्या घोषणापत्रावरची, म्हणजे १३अ नमुन्यावरची, मतदाराची सही आणि साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही-शिक्का ते करतात. यातली एखादी राहिली की मत बाद. २०१६मध्ये सैनिकांसाठी कोरी मतपत्रिका ऑनलाइन पाठवायची सोय झाली. भरलेली मात्र टपालानेच परत येते.

बाद मतांचं महत्त्व २०२४मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाने दाखवलं. यंत्रांवरच्या मोजणीत एक उमेदवार अवघ्या एका मताने पुढे होता. टपाली मतं मिळवल्यावर दुसरा ४८ मतांनी निवडून आला, आणि बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. टपाली मतं आधी मोजायची की यंत्रांबरोबर, हा वाद त्या निवडणुकीत देशभर तापला होता. सप्टेंबर २०२५मध्ये आयोगाने ठरवलं की टपाली मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घ्यायची नाही.

आता पुन्हा त्या शब्दाकडे. ऑक्टोबर २०१९मध्ये त्याच १९६१च्या नियमांतल्या नियम २७अमध्ये बदल होऊन ८० वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार ‘अनुपस्थित’ या वर्गात आले. अत्यावश्यक सेवेतले कर्मचारीही त्याच वर्गात. आधी झारखंडच्या सात मतदारसंघांत, मग दिल्लीत हे राबवलं. जून २०२०मध्ये, करोनाच्या काळात, वयाची अट ८०वरून ६५वर आणली गेली आणि करोनाबाधितही त्यात आले. महिन्याभरातच आयोगाने सांगितलं की बिहारच्या निवडणुकीत ६५ची सवलत देता येणार नाही, मनुष्यबळ पुरणार नाही. विरोधी पक्षांचा आक्षेप वेगळा होता: एवढ्या मोठ्या वर्गाचं मत केंद्राबाहेर, सरकारी पथकाच्या हाती गेलं तर त्यावर लक्ष कोण ठेवणार? आक्षेप अगदीच निराधार नव्हता, पण त्या वर्षी म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभं करणंही सोपं नव्हतं. थोडक्यात, नियमात ६५ आणि प्रत्यक्षात ८० अशी अवस्था राहिली, आणि १ मार्च २०२४ला नियमच ८५वर नेला गेला. ८०च्या पुढचे बहुसंख्य मतदार केंद्रावर येऊनच मत देतात, असं सांगितलं गेलं. खरं असेलही. पण पाच वर्षांत वयाची रेघ तीनदा हलली आणि ती बहुतेक यंत्रणेला किती झेपतं यावर हलली, हे नोंदवायला हवं.

हाच शब्द मतदान केंद्राच्या टेबलावर गेला की त्याचा सूर बदलतो. चिठ्ठ्या वाटताना जे भेटले नाहीत त्यांची बीएलओ एक यादी करतो: अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एएसडी यादी म्हणतात. त्या यादीतला माणूस मत द्यायला आलाच तर केंद्राध्यक्ष त्याची ओळख अधिक कसून तपासतो आणि सहीबरोबर अंगठाही घेतो. म्हणजे १२डी नमुन्यावर ‘अनुपस्थित’ असणं ही सवलत, तर केंद्रावर ‘अनुपस्थित’ असणं हा संशय. दिवाळी करून पुण्याला परतलेला तरुण मतदानापुरता गावी येतो तेव्हा तो या दुसऱ्या रकान्यात सापडू शकतो.

तिसरा अर्थ २०२५मध्ये बिहारने दिला. मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर, म्हणजे घरोघरच्या फेरतपासणीनंतर, १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा ६५ लाख नावं गळाली होती. त्यांतले सुमारे २२ लाख मृत, सात लाख दुबार, आणि सर्वांत मोठा गट, ३६ लाखांचा, कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले. इथे अनुपस्थिती म्हणजे यादीतून नाव जाणं. नावं कारणांसकट जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवाय स्वीकारार्ह ११ कागदपत्रांत मतदार ओळखपत्रच नव्हतं! आयोगाचं म्हणणं असं की कार्ड यादीवरून बनतं, मग ते यादीचा पुरावा कसं होईल? तर्काला हे बरोबर आहे. पण तीस वर्षं ‘कार्ड काढा, कार्ड काढा’ ऐकलेल्या माणसाला ते पचणं कठीण. ८ सप्टेंबरला न्यायालयाच्या आदेशाने आधार बारावं कागदपत्र ठरलं, तेही ओळखीपुरतं, नागरिकत्वासाठी नाही.

या सगळ्याच्या मुळाशी १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २० आहे: नाव तिथेच, जिथे तुम्ही ‘सर्वसाधारण रहिवासी’ आहात. गावात घर आहे एवढ्यावर कुणी रहिवासी ठरत नाही, असं ते म्हणतं. आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही, असंही तेच म्हणतं. सहा महिने उसाच्या फडात आणि सहा महिने गावात असलेल्या कुटुंबाने यातलं कुठलं वाक्य आपलं मानायचं? तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे कलमात लिहिलेलं नाही.

खऱ्या गैरहजरांसाठी वाट काढता येते, हे काश्मिरी विस्थापितांच्या बाबतीत दिसलं. त्यांच्यासाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं आहेत. २०२४मध्ये जम्मू आणि उधमपूरमधल्यांना खास केंद्रावर मत देण्यासाठी ‘एम’ नमुना भरण्याची अटही काढली. परदेशस्थांना २०११पासून पासपोर्टवर नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. २०१९मध्ये असे २५,६०६ मतदार आले, त्यांपैकी २५,५३४ एकट्या केरळचे. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचं विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे लोकसभेबरोबरच बारगळलं.

देशांतर्गत स्थलांतरितांसाठी डिसेंबर २०२२मध्ये एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मत घेऊ शकणाऱ्या यंत्राची घोषणा झाली. १६ जानेवारी २०२३ला पक्षांना ते दाखवायला बोलावलं, तर स्थलांतरित म्हणजे कोण आणि दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर आमचा प्रतिनिधी बसणार कसा, यावरच बैठक अडली.

महाराष्ट्रात २०२४च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचं कलम कायद्यात आहे. ती सुट्टी एका दिवसाची असते. फडातून बीडला जाऊन परत यायला त्याहून जास्त वेळ जातो, आणि कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीची, मजुरी टनावर ठरते, ती मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत वळती होते.