दूरसंचार जाळ्याचे भौगोलिक नकाशीकरण

केबल, डक्ट (केबल ओवायचा पाइप), चेंबर (केबल जोडण्यासाठीचा जमिनीतला कप्पा), टॉवर आणि ग्राहकाच्या दारातले उपकरण यांची जागा, खोली व एकमेकांशी असलेली जोडणी भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये नोंदवायची आणि त्या नोंदींवर जाळ्याची आखणी, उभारणी व देखभाल करायची, अशी ही पद्धत आहे. क्यूजीआयएस, आर्कजीआयएस, स्मॉलवर्ल्ड ही यासाठी वापरली जाणारी काही सॉफ्टवेअर. माहिती बहुधा पोस्टजीआयएससारख्या डेटाबेसमध्ये ठेवतात.

साध्या नकाशावर केबल म्हणजे एक रेघ. दूरसंचाराला तेवढ्याने भागत नाही. जमिनीत चर असतो, चरात डक्ट, डक्टमध्ये केबल, केबलमध्ये नळ्या आणि नळ्यांत प्रकाश वाहून नेणारे काचेचे तंतू, म्हणजे फायबर. चोवीस तंतूंच्या केबलची एक सर्रास दिसणारी रचना म्हणजे प्रत्येकी सहा तंतूंच्या चार नळ्या. तंतूंचे रंग क्रमाने निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी आणि पांढरा. दुसऱ्या नळीतला हिरवा तंतू चेंबरमधल्या जॉइंटमध्ये पुढच्या केबलच्या कोणत्या तंतूला जोडला आहे, ही नोंद नसेल तर नकाशा देखणा असूनही निकामी ठरतो. जागेची माहिती आणि जोडणीची माहिती एकाच ठिकाणी हवी.

भारतात या कामाला मोठी चालना भारतनेटमुळे मिळाली. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यात आधीपासून जमिनीत असलेली बीएसएनएलची केबल जिथपर्यंत येते तिथपर्यंत तीच वापरायची आणि तिथून पुढे ग्रामपंचायतीपर्यंत नवी टाकायची, असे धोरण होते. त्यामुळे जुनी केबल नेमकी कुठे आहे आणि तिच्यातले किती तंतू मोकळे व धड आहेत, हा पहिलाच प्रश्न होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात सरळ रेषेतल्या मांडणीऐवजी वर्तुळाकार, म्हणजे रिंग मांडणीवर भर आहे.

आखणी

सुरुवात गावांच्या यादीपासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. वडगाव, पिंपळगाव ही नावे महाराष्ट्रात पावलोपावली आहेत. त्यात बुद्रुक आणि खुर्द. एका यादीत ‘बु.’, दुसरीत ‘बुद्रुक’, तिसरीत इंग्रजीतली दोन अक्षरे. नावावरून दोन याद्या जुळवल्या तर केबल भलत्याच गावाच्या नावे जमा होते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीला तिचा एलजीडी, म्हणजे स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक लावायचा आणि जुळणी त्याच क्रमांकावर करायची.

दुसरी चूक मोजमापाची. इंटरनेटवरचे बहुतेक पार्श्वनकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीत, असतात. त्यात अंतर अक्षांशानुसार फुगते: १९ अंशांवर सुमारे पावणेसहा टक्के, नागपूरच्या अक्षांशावर सात टक्के. तिथेच रेघ मोजली तर १०० किलोमीटरच्या मार्गासाठी जवळजवळ १०६ किलोमीटर केबलची मागणी जाते. लांबी यूटीएमसारख्या, पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मांडणाऱ्या प्रक्षेपणात किंवा पृथ्वीच्या आकाराशी जुळणाऱ्या लंबगोलावर मोजावी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यूटीएमच्या ४३व्या पट्ट्यात आहे, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडचा विदर्भ ४४व्या पट्ट्यात जातो. यवतमाळ जिल्हा तर या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. एव्हरेस्ट या जुन्या लंबगोलावर काढलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशा-पत्रकांवरून रेघा उचलताना मोजणीचा आधार (डेटम) न बदलता त्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर ठेवल्या तर त्या शंभरेक मीटर सरकतात.

मार्ग रस्त्याकडेनेच काढावा, हवाई अंतर धरू नये. घाटात लांबी वाढते ती वळणांमुळे. चढामुळे पडणारा फरक नगण्य असतो. दहा टक्के चढाला तो अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

लांबीची ही काटेकोर मोजणी कशासाठी, ते प्रकाशाच्या हिशोबावरून कळते. जीपॉन, म्हणजे एका तंतूवरून अनेक ग्राहक जोडणाऱ्या जाळ्यात, बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना प्रकाशात एकूण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. एका तंतूतला प्रकाश बत्तीस तंतूंत वाटणारा एकास बत्तीस स्प्लिटर साधारण १७.५ डेसिबल खातो. २० किलोमीटर तंतू १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ या दराने ७ डेसिबल घेतो. दहा जॉइंट प्रत्येकी ०.१ धरून १, चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरून २. बेरीज साडेसत्तावीस, हाती उरतो अर्धा डेसिबल. तुटलेल्या जागी तुकडा घालून दुरुस्ती केली की दोन जॉइंट वाढतात, म्हणजे अशा दोन-तीन दुरुस्त्यांत ही शिल्लक संपते. दुरुस्तीची नोंद नकाशावर चढवली नाही तर शेवटच्या गावातले उपकरण वारंवार बंद का पडते, याचे उत्तर कार्यालयात कोणालाच सापडत नाही.

रिंगची तपासणी नकाशावरच करावी, कारण योजनेच्या आकृतीत ती नेहमी निर्दोष दिसते. आकृतीत दोन वेगळे मार्ग असतात. जमिनीवर मात्र दोन्ही केबली एकाच पुलावरून, नाहीतर घाटातल्या एकुलत्या एक रस्त्याच्या साइडपट्टीतून गेलेल्या असतात. जेसीबीचा एक घाव किंवा एक दरड, आणि दोन्ही बाजू एकदम बंद. दोन्ही मार्गांभोवती ठरावीक रुंदीचा पट्टा काढून ते कुठे एकमेकांवर पडतात हे पाहिले की असे तुकडे लगेच उघडे पडतात. पर्याय नसेल तिथे निदान तो तुकडा धोक्याचा म्हणून नोंदवून ठेवावा.

बिनतारी जाळ्यासाठी जमिनीच्या उंचीची माहिती लागते. फेब्रुवारी २००० मधल्या अवकाश शटल मोहिमेतून मिळालेले एसआरटीएम आणि भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून तयार झालेले कार्टोडेम हे त्याचे दोन परिचित स्रोत. दोन टॉवरमधल्या १५ गिगाहर्ट्झच्या १० किलोमीटर मायक्रोवेव्ह दुव्याच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची, म्हणजे लहरींना सरळ रेषेभोवती लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या सुमारे ७ मीटर असते. तिच्या ६० टक्के, म्हणजे सव्वाचार मीटर, आणि पृथ्वीच्या वक्रतेचे दीड मीटर इतकी मोकळीक अडथळ्याच्या माथ्यावर हवी. कोकणात माडांची उंची वेगळी मोजून मिळवली नाही, तर कागदावर स्वच्छ दिसणारा दुवा प्रत्यक्षात झावळ्यांत अडकतो.

प्रत्यक्ष टाकलेल्या केबलची नोंद

आखलेला मार्ग आणि टाकलेला मार्ग क्वचितच एक असतात. खडक लागतो, मोरी आडवी येते, परवानगी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची मिळते. भारतनेटमध्ये साध्या जमिनीत चराची खोली १.६५ मीटर ठरवलेली आहे. कठीण खडकात ती कमी होते, तर आडव्या ड्रिलिंगने रस्ता ओलांडताना केबल कितीतरी खोल जाते. म्हणून चर बुजवण्याआधी प्रत्येक वळण, चेंबर आणि ओलांडणी जागेवर टिपायला हवी, खोलीसह. बिल सादर करताना आठवून काढलेली रेघ कामाची नाही.

मोबाइलच्या जीपीएसमध्ये मोकळ्या जागीही तीन ते दहा मीटरची चूक येते, झाडीत त्याहून जास्त. तेवढ्यात केबल रस्त्याच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, हेही ठरत नाही. आरटीके, म्हणजे जवळच्या स्थिर केंद्राच्या मदतीने जीपीएसची चूक जागच्या जागी दुरुस्त करण्याच्या, पद्धतीच्या उपकरणांनी सेंटिमीटरपर्यंत जाता येते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा सर्वेक्षणासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. आडव्या दिशेत एक मीटर आणि उभ्या दिशेत तीन मीटरपेक्षा सूक्ष्म माहिती मात्र भारतीय संस्थांनीच तयार करावी, अशी अट आहे. आरटीके नसेल तर रस्त्याच्या मध्यरेषेपासून टेपने मोजलेले अंतर आणि किलोमीटरचा दगड या जुन्या नोंदी आजही भरवशाच्या आहेत.

दोष शोधणे

केबल तुटली की ओटीडीआर यंत्र तंतूमध्ये प्रकाश सोडून तुटलेल्या टोकाचे अंतर देते. हे अंतर तंतूचे असते. समजा, यंत्राने १२,४८० मीटर दाखवले. नळ्या केबलमध्ये पीळ घेऊन बसवलेल्या असल्याने तंतू केबलपेक्षा सुमारे दीड टक्का लांब आहे असे धरू, म्हणजे केबल १२,२९६ मीटर झाली. दोन-दोन किलोमीटरच्या ड्रममुळे वाटेत सहा जॉइंट, प्रत्येक चेंबरमध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची गुंडाळी, म्हणजे आणखी १२० मीटर वजा. जमिनीवर दोष १२,१७६ मीटरवर आहे. यंत्राचा आकडा जसाच्या तसा नकाशावर मोजला तर खड्डा तीनशे मीटर पुढे पडतो. यंत्रातला अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा, १.४६८ ऐवजी १.४६५ ठेवला गेला तर आणखी पंचवीस मीटरची भर.

सहाव्या जॉइंटची जागा नकाशावर पक्की असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. यंत्रावर तो जॉइंट १२,१८० वर दिसतो. तिथून पुढचे ३०० मीटर तंतू म्हणजे साधारण २९६ मीटर केबल, त्यातून चेंबरमधली दहा मीटर गुंडाळी वजा. सहाव्या चेंबरपासून २८६ मीटर चालत गेले की ताजी खोदाई बहुधा डोळ्यांनीच दिसते. जवळच्या खुणेपासून मोजल्यामुळे आधीच्या बारा किलोमीटरमधल्या सगळ्या चुका आपोआप गळतात.

इतरांची खोदाई

केबल तुटण्यामागे बव्हंशी दुसऱ्याच कामाची खोदाई असते: पाण्याची वाहिनी, गटार, रस्तारुंदीकरण. अशा असमन्वित खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू करताना सांगितले. खोदणाऱ्याने ॲपवर जागा दाखवायची. तिथे ज्यांची केबल किंवा वाहिनी आहे त्यांना संदेश जातो आणि दोघांचा थेट संपर्क होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पीएम गतिशक्ती आराखड्यातही वेगवेगळ्या खात्यांच्या वाहिन्या एकाच नकाशावर आणल्या जातात; त्याची प्रणाली गांधीनगरच्या बायसॅग-एन संस्थेने बांधली. केबल टाकण्याच्या परवानग्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून नवे राइट ऑफ वे (मार्गहक्क) नियम लागू आहेत.

इशारा कोणाला जाणार, हे केबलभोवती धरलेल्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरते आणि ती रुंदी नोंदीच्या अचूकतेप्रमाणे ठेवावी लागते. आरटीकेने मोजलेल्या केबलला दोन-तीन मीटर पुरतात. मोबाइलने टिपलेल्या केबलला वीस तरी हवेत. जुन्या पत्रकावरून उचललेल्या केबलसाठी इतका रुंद पट्टा धरावा लागतो की गावातल्या प्रत्येक खड्ड्यासाठी फोन येतो, आणि काही दिवसांनी लाइनमन तो उचलेनासा होतो. म्हणून प्रत्येक रेघेला ती कशी मोजली आणि कधी मोजली, हे दोन रकाने जोडलेले असावेत.