न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियम

वस्तूवर कार्य करणारे एकूण बल, तिचे वस्तुमान आणि तिला मिळणारे त्वरण (वेग बदलण्याचा दर) यांचा संबंध सांगणारा यामिकीतील, म्हणजे बल आणि गतीच्या शास्त्रातील, मूलभूत नियम. वस्तुमान स्थिर असताना तो ‘बल = वस्तुमान × त्वरण’ असा लिहितात. त्वरणाची दिशा एकूण बलाचीच असते, मग वस्तू कोणत्याही दिशेने जात असो. वर फेकलेला चेंडू चढत असतानाही त्याचे त्वरण खालीच असते.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात हा नियम मांडला, तो गतीच्या परिमाणातील, म्हणजे आजच्या भाषेत संवेगातील (वस्तुमान × वेग), बदलाच्या रूपात. शाळेत शिकतो ते समीकरण त्या ग्रंथात नाही. अठराव्या शतकात, विशेषतः लेओनार्ड ऑयलर यांच्या लेखनातून, ते रूढ झाले.

नियमातील ‘एकूण’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि विद्यार्थी बहुधा तोच विसरतात. सपाट रस्त्यावर बैलगाडी एकसारख्या वेगाने चालली असताना बैल ती ओढतच असतात, तरी तिचे त्वरण शून्य असते. बैलांची ओढ आणि विरोध करणारे घर्षण परस्परांना तोलतात. एकूण बल काहीच उरत नाही. गती टिकवायला सतत बल लागते, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत अशाच अनुभवांतून पटते. हा नियम ती मोडतो. बलामुळे वेग बदलतो. तो टिकून राहायला बल लागत नाही.

१ किलोग्रॅम वस्तुमानाला १ मीटर प्रति सेकंद² त्वरण देणारे बल म्हणजे १ न्यूटन. १,२०० किलोग्रॅमची मोटार थांबलेल्या स्थितीतून १० सेकंदांत ताशी ७२ किलोमीटर वेग घेते, तेव्हा तिच्यावरील सरासरी एकूण बल २,४०० न्यूटन असते. तोच वेग भिंतीवर आदळून ०.१ सेकंदात शून्य झाला, तर सरासरी बल २,४०,००० न्यूटन होते. सीटबेल्ट आणि एअरबॅग प्रवाशाला थांबायला लागणारा वेळ वाढवतात. बल कमी होते ते त्यामुळेच.

वस्तुमान दुप्पट असेल तर पृथ्वीचे ओढणारे बलही दुप्पट असते, म्हणून हवेचा विरोध नसेल तर जड-हलक्या वस्तू एकाच त्वरणाने पडतात. अपोलो १५ मोहिमेत १९७१ साली डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबरच खाली पोहोचले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नेहमीचा वजनकाटा निरुपयोगी ठरतो. तेथील एका उपकरणात स्प्रिंगचे ठरावीक बल अंतराळवीराला ओढते, त्याचे त्वरण मोजले जाते आणि बलाला त्वरणाने भागून वस्तुमान काढतात.

वेग प्रकाशवेगाच्या जवळ गेल्यास हे साधे समीकरण पुरत नाही; तेथे सापेक्षतेनुसार सुधारलेला संवेग घ्यावा लागतो. अणूच्या पातळीवर पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) वापरतात.