कॅरोटिनॉइडे

फळे, भाज्या आणि पाने यांतील पिवळ्या, केशरी व लाल रंगद्रव्यांचा एक मोठा गट. गाजर, टोमॅटो, पपई, लाल भोपळा, पिकलेला हापूस यांचा रंग मुख्यतः यांच्यामुळेच असतो. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात. मिसळीवरची तर्री लालभडक दिसते ती यामुळेच: लाल मिरचीतले कॅप्सँथिन रश्श्याच्या पाण्यात न राहता वरच्या तेलात उतरते. पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांतही कॅरोटिनॉइडे भरपूर असतात, पण हरितद्रव्याच्या गर्द रंगापुढे ती दिसत नाहीत.

हाइन्रिश वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये गाजरातून कॅरोटीन हे या गटातले केशरी द्रव्य वेगळे केले. त्याच्या बीटा-कॅरोटीन या प्रकाराची रेणुरचना पॉल कारर यांनी उलगडली. त्यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. पुढे बुबुळ कोरडे पडून लहान मुलांची दृष्टी कायमची जाऊ शकते. आहारातल्या सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळते असे धरतात. हे रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते, त्यामुळे गाजर-पपई जास्त खाल्ल्याने अ जीवनसत्त्वाची बाधा होत नाही. फार तर तळहात पिवळे दिसतात. कावीळ झाली म्हणून घरचे घाबरतात, पण कावीळ असेल तर डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, इथे तो पांढराच राहतो.

ल्युटीन आणि झिॲझँथिन या कॅरोटिनॉइडांपासून अ जीवनसत्त्व बनत नाही, पण दृष्टिपटलाच्या मध्यावरचा पिवळा ठिपका त्यांचाच असतो. तिथे ती निळा प्रकाश शोषून घेतात. पालेभाज्या, मका आणि अंड्याचा बलक यांतून ती मिळतात.

रंगात गुण आहे म्हणून त्याची गोळी घ्यावी, हा समज मात्र घातक ठरला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी या गोळ्यांपासून लांबच राहावे. भाज्या-फळांना हा धोका लागू नाही.

ताटातल्या भाजीतून ही द्रव्ये किती मिळतील, हे ती कशी शिजवली यावर बरेच ठरते. कच्च्या गाजरातली कॅरोटिनॉइडे पेशींत अडकून राहतात. किसल्याने आणि शिजवल्याने ती मोकळी होतात. टोमॅटोतले लायकोपीन हे लाल कॅरोटिनॉइड कच्च्या फोडींपेक्षा तेलात परतलेल्या टोमॅटोतून अधिक शोषले जाते. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी घालतात किंवा शेंगदाण्याचे कूट पेरतात, ते चवीसाठी. पण शोषणाला लागणारी स्निग्धता त्यातूनच मिळते.