ग्रेहाउंडच्या टकल्या मांड्या आणि उगाच चालू होणारी थायरॉइडची गोळी

ग्रेहाउंड ही शर्यतीच्या कुत्र्यांची जात पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की याच्या मांड्यांवर मागच्या बाजूला केस का नाहीयेत. कुत्रा मजेत आहे, खातोय, पळतोय, आठ तास सोफ्यावर उताणा पडून झोपतोय, पण मागून बघितलं तर दोन्ही मांड्या गुळगुळीत, अगदी मेण लावून पुसल्यासारख्या. मग कोणीतरी म्हणतं थायरॉइड असेल, रक्त तपासलं जातं, आकडा कमी येतो आणि गोळी सुरू होते ती आयुष्यभरासाठी. माझं स्पष्ट मत असं की यातल्या बऱ्याच गोळ्यांची काहीएक गरज नसते, आणि हे कसं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी त्या मांड्यांचं बघू. इंग्रजीत याला बॉल्ड थाय सिंड्रोम म्हणतात. केस दोन्ही बाजूंनी साधारण सारखेच जातात, मांडीच्या मागच्या आणि बाहेरच्या भागावरून सुरुवात होते आणि कधीकधी पोटाखाली, छातीखालीही पसरतं. त्वचा लाल नसते, खवले नसतात, वास नसतो आणि मुख्य म्हणजे कुत्रा खाजवत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. याची कारणं म्हणून वर्षानुवर्षं काय काय सांगितलं गेलं, तर केनेलच्या कडक फरशीवर घासून जातात, रेसिंगच्या ताणामुळे जातात, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, थायरॉइड मंदावतो, खाण्यात काहीतरी कमी पडतं. रेसमधून रिटायर झालेल्या बऱ्याच कुत्र्यांचे केस घरी आल्यावर काही महिन्यांत परत येतात, त्यामुळे ताणाची आणि फरशीची थिअरी लोकांना पटत गेली. पण कधीच रेसिंग न केलेल्या, मऊ गादीवर वाढलेल्या ग्रेहाउंडच्या मांड्याही टकल्या होतात, त्याचं काय?

2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी याच प्रश्नाचा छडा लावायचा प्रयत्न केला. हार्मोन तपासले, त्वचेचे नमुने घेतले, केस मायक्रोस्कोपखाली बघितले, जीन्सचं कामकाज पाहिलं. हार्मोनमध्ये गडबड असल्याचा पुरावा काही मिळाला नाही, उलट गडबड दिसली ती केसाच्या दांड्याच्या बांधणीत. म्हणजे केसच मुळात कच्चा तयार होतोय आणि जरा घर्षण झालं की तुटतोय असं चित्र पुढे आलं. असं असेल तर फरशी पूर्ण निर्दोष नाही, पण एकटी तिला दोष देऊनही चालणार नाही, आणि वरून लावायच्या कुठल्याही तेलाने आत तयार होणाऱ्या केसाची बांधणी बदलणार नाही हेही उघड आहे.

आता थायरॉइड. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांपेक्षा बऱ्याच बाबतीत वेगळं असतं. लाल पेशींचं प्रमाण जास्त, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) 55-60 टक्क्यांच्या पुढेही आरामात जातो, प्लेटलेट कमी असतात, क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर असतं, आणि टी-4 हे थायरॉइडचं हार्मोन तर ठणठणीत ग्रेहाउंडमध्येही लॅबच्या रिपोर्टवर छापलेल्या रेंजच्या खाली येतं. कारण ती रेंज सगळ्या जातींच्या कुत्र्यांवरून काढलेली असते. बरं, नुसतं टोटल टी-4 नाही, फ्री टी-4 (त्यातला रक्तात मोकळा फिरणारा भाग) सुद्धा कमी येतं, त्यामुळे "फ्री टी-4 केलंय, तेही कमी आलं, म्हणजे नक्कीच" हा युक्तिवाद इथे चालत नाही. खरा हायपोथायरॉइड, म्हणजे मंदावलेला थायरॉइड, ग्रेहाउंडमध्ये दुर्मिळ आहे. तो असेल तर सोबत टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन वाढलेलं असण्याची शक्यता असते, कुत्रा सुस्त होतो, खाणं तेवढंच असून वजन चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात, कोलेस्टेरॉल वाढतं. नुसत्या टकल्या मांड्या आणि एक कमी आकडा, एवढ्यावर निदान होत नाही. शिवाय फेनोबार्बिटल (फिट्सवरचं औषध), स्टेरॉइड, सल्फाची अँटिबायोटिक्स यांनीही टी-4 खाली येतं, तेव्हा टेस्टच्या आधी कुत्रा कुठल्या औषधावर होता हे व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) सांगायलाच हवं.

लोक म्हणतात गोळी दिल्यावर केस आले की! येतात कधीकधी. थायरॉइडचं हार्मोन केसांच्या वाढीला चालना देतं, ते थायरॉइड ठीक असलेल्या कुत्र्यातही देतं, त्यामुळे केस आले म्हणजे आजार होता असं सिद्ध होत नाही. आणि गरज नसताना जास्त डोस गेला तर धाप, अस्वस्थपणा, वजन उतरणं, धडधड हे सगळं मागे लागतं. गोळी आधीच सुरू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, व्हेटशी बोलून थांबवा आणि काही आठवडे मधे जाऊ देऊन पुन्हा तपासा, कारण बाहेरून हार्मोन येत असताना शरीर स्वतःचं उत्पादन कमी करून बसलेलं असतं.

मेलॅटोनिन या झोपेच्या हार्मोनच्या गोळ्यांचंही बरंच चालतं. काहींना फरक पडतो, पुरावा तसा तोकडाच आहे, पण त्यातल्या त्यात निरुपद्रवी प्रकार म्हणून व्हेट सुचवतात. एकच गोष्ट, माणसांसाठीच्या चघळायच्या मेलॅटोनिन गोळ्यांमध्ये झायलिटॉल हा गोडवा असू शकतो आणि तो कुत्र्यांसाठी विषारी आहे, साखर धाडकन खाली जाते, लिव्हर निकामी होऊ शकतं. लेबल वाचल्याशिवाय काही देऊ नका.

हे झालं न खाजणाऱ्या टकलाचं. खाज आली की गोष्टच बदलते. खाजवून, चाटून, चावून केस गेले असतील तर केसांचा विचार सोडा, खाज कशामुळे ते शोधा, आणि सुरुवात पिसवांपासून करा. "आमच्या कुत्र्यावर पिसवा नाहीतच" हे वाक्य प्रत्येक व्हेटने हजारदा ऐकलेलं असतं. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एकदोन चावेही पुरतात, आणि तो इतकं चाटतो-चावतो की पिसू अंगावर सापडतच नाही. अशा वेळी जागा बघायची, शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर, मांड्यांच्या आतून. बारीक दातांची फणी फिरवा, निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका, भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवांची विष्ठा. ग्रेहाउंडचे केस इतके आखूड असतात की हे काम बाकी कुत्र्यांपेक्षा फार सोपं पडतं.

एक पिसू मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि ती अंडी कुत्र्यावर टिकत नाहीत, तो जिथे झोपतो तिथे गळून पडतात. म्हणून कुत्र्यावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पिलावळीचा छोटासा भाग, बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोश या रूपात गादीत, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत असतं. कोशावर तर कीटकनाशकाचा फारसा असर होत नाही आणि आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. त्यामुळे एक डोस दिला आणि झालं असं नाही, घरातल्या सगळ्या प्राण्यांना सलग तीन महिने तरी औषध, अंथरुणं गरम पाण्यात, आणि रोज व्हॅक्यूम. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय नाही.

औषध कुठलं यावर ग्रेहाउंडवाल्यांमध्ये जुनी भीती आहे आणि ती अगदीच हवेतली नाही. या जातीचं लिव्हर काही औषधं हळू मोडतं, थायोपेंटलची भूल दिल्यावर त्यांना उठायला खूप जास्त वेळ लागतो हे पूर्वीपासून माहीत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकवाले जुने फ्ली कॉलर (पिसवांचे पट्टे) आणि डिप (अंगावर ओतायची औषधं) यांच्यापासून त्यांना लांबच ठेवतात. आजकालच्या गोळ्या आणि स्पॉट-ऑन (त्वचेवर टाकायचे थेंब) बहुतेक ग्रेहाउंडना व्यवस्थित चालतात, फक्त आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांबद्दल 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने झटक्यांचा इशारा दिला होता, तो ग्रेहाउंडपुरता नाही, सगळ्याच कुत्र्यांसाठी आहे, तेव्हा फिट्स येणारा कुत्रा असेल तर व्हेटला आधी सांगा.

पिसवा बाद झाल्या की माइट्स, म्हणजे त्वचेतले सूक्ष्म किडे. कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायाचे घोटे खरबरीत होऊन भयंकर खाज असेल तर सार्कोप्टिक खरूज डोक्यात यायला हवी. कानाची कड बोटांनी चोळली की मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलतो, ही जुनी आणि अजूनही उपयोगी खूण. स्क्रेपिंगमध्ये (त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात) हे माइट्स बरेचदा सापडत नाहीत म्हणून व्हेट संशयावरच उपचार करतात, त्यात काही वावगं नाही. घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर संशय अजून पक्का.

मग उरते अ‍ॅलर्जी, तिची खाज पंजे, काखा, पोट, कान इथे. खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे शोधायला रक्ताच्या, लाळेच्या नाहीतर केसांच्या टेस्टवर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत. किमान आठ आठवडे व्हेटने ठरवून दिलेला एकच आहार, वरून एक बिस्किटही नाही, आणि नंतर जुनं खाणं परत देऊन बघणं हाच खरा मार्ग. सगळ्यात अवघड काय तर घरातल्या मंडळींना आवरणं!

बहुतेक सगळ्या खाजऱ्या कुत्र्यांमध्ये वरून बॅक्टेरिया नाहीतर यीस्ट वाढलेलं असतं. पुटकुळ्या, गोल खवलेदार चट्टे, किंवा तेलकटपणा आणि आंबूस वास. व्हेटने टेपने किंवा काचपट्टीने नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पाच-दहा मिनिटांत कळतं, आणि वरवरचा संसर्ग असेल तर तोंडाने अँटिबायोटिक देण्याआधी क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू वापरून बघणं हे आता योग्य मानलं जातं. तो शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो आणि बहुतेक लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात, मग म्हणतात काही फरक नाही.

ग्रेहाउंडची त्वचा पातळ आहे, खाली चरबी जवळजवळ नाही, वर अंडरकोट (आतला मऊ केसांचा थर) नाही. कुंपणाला नुसतं घासलं तरी फाटते. त्यामुळे खरखरीत ब्रश नको, रबरी हातमोजा पुरे. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या त्वचेचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा, कमी आम्लधर्मी असतो. टी ट्री ऑइल तर अजिबात नको, नॅचरल लिहिलंय म्हणून लोक लावतात आणि कुत्रं लडखडत, थरथरत व्हेटकडे पोचतं. स्टेरॉइडने खाज झटकन थांबते हे खरं, थोड्या दिवसांसाठी ठीकही आहे, पण महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर त्वचा अजून पातळ होते आणि केसही जातात, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच परत पदरात. दीर्घकाळच्या अ‍ॅलर्जीसाठी ओक्लासिटिनिब किंवा लोकिवेटमॅब अशा औषधांचे पर्याय आहेत, त्याबद्दल विचारा. कोरडा कोंडा असेल तर फिश ऑइलमधलं ओमेगा-3 मदत करतं, फक्त फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात आणि जास्त दिलं की पोट बिघडतं.

निळसर-करड्या रंगाचा कुत्रा असेल तर अजून एक शक्यता, कलर डायल्युशन अ‍ॅलोपेशिया. रंग फिका करणाऱ्या जीनमुळे केसात रंगद्रव्याच्या गुठळ्या होतात, केस तिथे तुटतो, पाठीवरचे केस लहान वयातच विरळ होत जातात. बरं होत नाही, पण कुत्र्याला त्रासही फारसा नसतो, मधूनमधून पुटकुळ्या येतात त्या सांभाळायच्या. कानामागे आणि गळ्याखाली हळूहळू होणारं टक्कल तर निव्वळ दिसण्याचा प्रश्न.

उघड्या पोटाचा मुद्दा मात्र लोक विसरतात. पांढऱ्या, गुलाबी पोटाचे ग्रेहाउंड उन्हात उताणे पडायला फार आवडीने जातात आणि तिथेच वर्षानुवर्षं ऊन लागून त्वचेचे बदल, पुढे रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, त्यातल्या काही कॅन्सरच्या असतात. लाल-जांभळा ठिपका वाढताना दिसला तर दाखवा. दुपारी सावलीत ठेवा नाहीतर पातळ शर्ट घाला, आणि झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन लावू नका कारण तो ते चाटणारच आणि झिंक पोटात जाणं कुत्र्याला घातक असतं.

थंडीचे जॅकेट, पायजमे, हार्नेस, मझल (तोंडाची जाळी) हे सगळं जिथे घासतं तिथे केस जातात, तेव्हा टक्कल पट्ट्याच्या आकाराचं दिसलं तर आधी पट्टा बदलून बघा. झोपायला जाड गादी हवीच, कोपरांना आणि कंबरेच्या हाडांना मांसाचा आधार नसतो.

दोन गोष्टींमध्ये वाट बघत बसायचं नाही. एक, पायावर किंवा पोटाखाली अचानक आलेली न कळणारी जखम, लालभडक गोल व्रण, आणि त्यानंतर काही दिवसांत उलट्या, मरगळ, खाणं बंद. 1980 च्या दशकात अमेरिकेत अलाबामातल्या रेसिंग ग्रेहाउंडमध्ये हा आजार पहिल्यांदा लक्षात आला म्हणून त्याला अलाबामा रॉट नाव पडलं, ब्रिटनमध्ये 2012 पासून इतर जातींमध्येही दिसतोय. किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. फार दुर्मिळ आहे पण जीवघेणा आहे, त्यामुळे व्रण दिसला की त्याच दिवशी दाखवा आणि किडनीचं रक्त तपासायला सांगा. दुसरी, नखं. एकामागोमाग एक नखं सैल होऊन गळायला लागली, वेगवेगळ्या पंजांची, तर तो मार नसून प्रतिकारशक्तीने नखांवरच केलेला हल्ला असतो, त्याला एसएलओ (सिमेट्रिकल लूपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी) म्हणतात, आणि ग्रेहाउंड त्याला जास्त बळी पडतात. फार दुखतं, अर्धवट लोंबणारं नख भूल देऊन काढावं लागतं, मग फॅटी अ‍ॅसिड, डॉक्सिसायक्लिन आणि नायसिनामाइड असे उपचार काही महिने चालतात, आणि नवीन नखं येतात ती बऱ्याचदा वाकडी, ठिसूळ, ती थोडी थोडी पण वारंवार घासत राहायची.